दयेने घर मिळत नाही

शेल्टरमधल्या म्हाताऱ्या, घाबरट आणि आजारी कुत्र्याविषयी आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात. एक हताशेचा: याला आता कोण नेणार, उरलेले दिवस इथेच काढेल बिचारा. दुसरा कळवळ्याचा: डोळ्यांत पाणी आणणारा फोटो आणि खाली विनवणी, की कुणीतरी पुढे या, याचा शेवट तरी गोड होऊ द्या. वरवर पाहता हे सूर एकमेकांच्या विरोधात आहेत. मुळात मात्र दोघांचं गृहीतक एकच आहे. या कुत्र्यात नेण्यासारखं काही उरलेलं नाही, त्यामुळे त्याला घर मिळालंच तर ते कुणाच्या तरी असामान्य चांगुलपणामुळे मिळेल.

हे गृहीतक मला उथळ वाटतं, आणि घातकही. माझं म्हणणं असं आहे की अशा कुत्र्याला घर मिळत नाही ते घरांची वानवा आहे म्हणून नव्हे. आपण त्याची ओळख चुकीची करून देतो, ती चुकीच्या माणसांपर्यंत पोहोचवतो, आणि कुत्रा एकदा फाटकाबाहेर पडला की त्याच्या आजारपणाचा सगळा भार एकट्या घरावर टाकून मोकळे होतो. या तीन गोष्टी सुधारल्या तर त्याला लागणारं घर दुर्मीळ नाही. बहुतेकदा ते आपल्या ओळखीतच असतं, त्या घराला कुणी विचारलेलं नसतं इतकंच.

१. जगवण्याचा वारसा आणि त्याची मर्यादा

मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याची सरकारी मोहीम सुरू झाली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, इतर समाजांनी साथ दिली, बाजार बंद पडले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने शहराची पांजरपोळ उभी राहिली. म्हातारं, लुळं, निरुपयोगी ठरलेलं जनावर मारायचं नाही, अखेरपर्यंत त्याला दाणापाणी द्यायचं, ही त्यामागची प्रतिज्ञा होती. तिचं मोल मोठं आहे, आणि आजची शेल्टरं तिचीच वारस आहेत.

पण ही प्रतिज्ञा न मारण्याची आहे. जगणं कसं असावं याविषयी ती काही सांगत नाही. आपल्याकडचं शेल्टर म्हणजे मुख्यतः रस्त्यावरच्या जखमी कुत्र्यांचा दवाखाना. गाडीखाली आलेला, जखमेत किडे पडलेला, गोचीड तापाने खंगलेला कुत्रा तिथे येतो, बरा होतो आणि त्याच्या जागी परत सोडला जातो. ज्याला परत सोडता येत नाही तो मागे उरतो: दृष्टी गेलेला, मणका दुखावलेला, किंवा आजारपण सुरू झाल्यावर मालकाने रात्री फाटकाला बांधून ठेवलेला लॅब्रडॉर. तिथे एक भुंकला की सगळे भुंकतात, रोज नवी भरती होते, काम करणारी माणसं बदलत राहतात. तरुण, धीट कुत्रा यातून तरून जातो आणि लवकर घरही मिळवतो. घाबरट म्हाताऱ्यासाठी ही जागा सर्वांत अवघड असते, आणि नेमका तोच तिथे सर्वांत जास्त काळ राहतो.

हा प्रश्न पुढे वाढणार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आपला आधीचा आदेश बदलून निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडायला परवानगी दिली, आणि रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायची वाटही मोकळी ठेवली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने मात्र शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं अशा आवारांतली कुत्री शेल्टरमध्ये हलवावीत, पुन्हा तिथे सोडू नयेत, असं सांगितलं. एसटी स्टँडवर सगळा जन्म काढलेली, कँटीनवाल्याच्या हातचं खाऊन म्हातारी झालेली कुत्री याच गटात येतात. त्यांना आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवणं एवढंच उत्तर आपल्याजवळ असेल, तर ते अपुरं आहे.

२. पहिला टप्पा: भीती कुत्र्यात किती, जागेत किती

घाबरट कुत्र्याला नाकारताना आपण त्याची भीती जन्मजात आणि कायमची धरून चालतो. प्रत्यक्षात तिची किमान तीन मुळं असतात आणि प्रत्येकावर इलाज वेगळा आहे.

पहिलं मूळ अपरिचयाचं. जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनावरचं त्यांचं संशोधन १९६५ साली ग्रंथरूपात मांडलं. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसांशी आणि परिसराशी सर्वांत सहज ओळख करून घेतं, हे त्यातून पुढे आलं. रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्याने त्या काळात चार भिंती पाहिलेल्याच नसतात. कुकरची शिट्टी, मिक्सर, फिरता पंखा, पाय घसरणारी लादी, लिफ्टचं आपोआप मिटणारं दार हे सगळं त्याला म्हातारपणी प्रथमच भेटतं. त्याच्यावर कुणी अत्याचार केलेला असेलच असं नाही. त्याला सवय नाही.

दुसरं मूळ ताटातुटीचं. घरात वाढून टाकून दिलेल्या कुत्र्याला कुकरचं भय नसतं. त्याला मिटणाऱ्या दाराचं आणि अनोळखी हातातल्या पट्ट्याचं भय असतं, कारण त्याचं आयुष्य तिथेच तुटलं. पहिल्या कुत्र्याला घराची ओळख हळूहळू करून द्यावी लागते, दुसऱ्याला माणूस परत येतो याची खात्री पटावी लागते. दोघांच्याही कार्डावर ‘घाबरट’ हा एकच शब्द लिहिला की पुढची सगळी निवड चुकते.

तिसरं मूळ वेदनेचं, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात ते सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. कंबरेचा संधिवात, किडलेली दाढ, कानातला जुना संसर्ग यांमुळे स्पर्शच दुखतो. असा कुत्रा गुरगुरतो, अंग चोरतो, उचलायला गेलं की दात लावतो, आणि आपण त्याला स्वभावाने खराब ठरवतो. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याच्या स्वभावाविषयी काहीही लिहिण्याआधी त्याचे दात, कान आणि सांधे तपासून दुखण्यावर उपचार व्हायला हवेत. वेदना उतरल्यावर उरते ती खरी भीती, आणि ती पुष्कळदा अंदाजापेक्षा कमी निघते.

भीतीविषयी आणखी एक गोष्ट शेल्टरमध्ये सहज नजरेआड होते. मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगात कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले, की ते थांबवणं त्यांच्या हाती नव्हतं. नंतर सुटकेची वाट मोकळी असतानाही त्यांतली बरीच कुत्री जागची हलली नाहीत. ती असहायता शिकली, असा अर्थ तेव्हा लावला गेला. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूच्या नव्या अभ्यासाच्या आधारे तो अर्थ उलटा केला. दीर्घ त्रासात निपचित होणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते हे, की आपल्या कृतीने काहीतरी बदलतं. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून निघालेलं सत्य आपल्या कामाचं आहे.

कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या कुत्र्याकडे नीट पाहावं. हात पुढे आला की त्याची जीभ नाकावरून फिरते, भूक-झोपेशी संबंध नसलेली जांभई येते, मान तशीच राहते आणि डोळ्याच्या कडेला पांढरं दिसू लागतं. चिकन-भाताचं वाडगं दिवसभर तसंच पडून असतं. रात्री दिवे मालवून माणसं निघून गेली की ते चाटूनपुसून स्वच्छ होतं. भूक त्याला दुपारीही होती. आपल्यासमोर मान खाली घालणं त्याला परवडत नव्हतं. अशा कुत्र्याला ‘शांत आहे, काही त्रास नाही’ म्हणणं ही मोठी चूक आहे. त्याने प्रयत्न सोडलेला असतो.

त्याला हवा असतो तो लहानसहान गोष्टींवरचा ताबा. मी मान वळवली की हात मागे गेला, मी एक पाऊल पुढे टाकलं की चिकनचा तुकडा जमिनीवर पडला आणि माणूस स्वतःहून दूर झाला. हा अनुभव दिवसातून अनेकदा, त्याच माणसाकडून, त्याच जागी मिळाला तर निपचितपणा सुटू लागतो. शेल्टरमध्ये हे घडवणं फार कठीण, कारण प्रत्येक नवा स्वयंसेवक प्रेमापोटी हात पुढे करतोच. शांत घरात हेच सहज घडतं. तेव्हा ‘आधी भीती जाऊ दे, मग घर शोधू’ हा क्रम उलटा आहे. पुष्कळ कुत्र्यांची भीती घराशिवाय जाणारच नसते.

३. दुसरा टप्पा: म्हातारपण हे उणं नाही

पिल्लू घरात आणणं म्हणजे बारा ते पंधरा वर्षांचा करार. चावाचावी, दिवसातून अनेकदा पुसावी लागणारी लादी, धावपळ, ओढाताण हे सगळं त्यात येतं. ज्या घरांना हे झेपत नाही ती घरं कुत्रा पाळण्याचा विचारच सोडून देतात. निवृत्त जोडपं, मुलं परदेशी, दोन खोल्यांचं घर, दुपारी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत फेरी, असं आयुष्य पुण्यापासून डोंबिवलीपर्यंत हजारो मराठी घरांत चाललेलं आहे. यांतल्या कितीजणांच्या मनात कुत्र्याची ओढ असते, पण ‘आमच्यामागे त्याचं कोण करणार’ या एका प्रश्नावर विषय मिटतो.

दहा वर्षांचा कुत्रा या प्रश्नाला पुष्कळ अंशी उत्तर आहे. त्याचं आकारमान, ताकद आणि आवडीनिवडी ठरलेल्या असतात. दिवसाचा बराचसा वेळ तो झोपतो. त्याला लांबची धाव नको असते, वेळेवर छोट्या फेऱ्या पुरतात. तरुण कुत्र्याला जे घर कंटाळवाणं वाटेल तेच याला मानवतं. ज्या शांततेमुळे आपण या घरांना कुत्र्यासाठी अयोग्य समजतो, ती शांतता हीच याची पहिली गरज आहे.

म्हातारपणाच्या खुणांविषयीचे गैरसमजही दूर करायला हवेत. डोळ्यांत दिसणारी निळसर झाक प्रत्येक वेळी मोतीबिंदू नसते. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग दाट होतं, त्यातून दृष्टी बरीचशी टिकते. ऐकू कमी येणाऱ्या कुत्र्याला झोपेत हात लावला तर तो दचकून चावू शकतो, म्हणून आधी जमिनीवर पाऊल आपटून जागं करायचं, एवढं सांगितलं की भीतीचं कारण बरंच कमी होतं. रात्री उठून घरभर फिरणं, कोपऱ्यात अडकून उभं राहणं ही मेंदूच्या वार्धक्याची लक्षणं असू शकतात. ती हट्टीपणा समजून ओरडण्यात अर्थ नसतो.

४. तिसरा टप्पा: आजाराला नाव आणि वेळापत्रक द्या

‘आजारी कुत्रा’ या शब्दांचं ओझं आजारापेक्षा मोठं असतं, कारण त्यांना शेवट दिसत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रात्री-अपरात्रीची धावपळ आणि न संपणारी बिलं उभी राहतात. आजाराला नाव दिलं, औषध आणि वेळ सांगितली, की तेच ओझं मोजता येतं.

काही आजार तर नावाने उगाच बदनाम आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांत संसर्गाने पसरणारी जननेंद्रियाची गाठ, ज्याला डॉक्टर टीव्हीटी म्हणतात, ती कॅन्सरच असते. पण आठवड्यातून एकदा याप्रमाणे विनक्रिस्टीनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. जाहिरातीत नुसतं ‘कॅन्सर’ लिहिलं की त्या कुत्र्याची वाट आपणच बंद करतो. एर्लिकियाचा गोचीड ताप वेळेत ओळखला तर साधारण चार आठवड्यांच्या डॉक्सिसायक्लिनने आटोक्यात येतो.

काही आजार कायमचे असतात, पण दिनक्रमात बसतात. फिट येणाऱ्या कुत्र्याला सकाळ-रात्र ठरलेल्या वेळी गोळी लागते. ती अचानक बंद करायची नाही, हा एक नियम घराने पक्का ध्यानात ठेवायचा. मूत्रपिंडाच्या दुखण्यात आहार बदलतो, ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं आणि पुढे कातडीखाली सलाईन द्यावं लागतं, जे घरच्या माणसाला शिकता येतं. संधिवातात लादीवर सतरंज्या अंथराव्या लागतात, जिना टाळावा लागतो आणि वेदनाशामक फक्त डॉक्टरांनी दिलेलंच चालतं. घरातल्या डब्यातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते, हे सांगायला विसरायचं नाही.

स्वतःच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घड्याळावर घेणाऱ्या माणसांना हे काम अवघड वाटत नाही. औषधाच्या डब्याला आठवड्याचे वार असलेलं घर या कुत्र्यासाठी आधीच अर्धं तयार असतं.

५. दया का पुरत नाही

इथे कळवळ्याच्या सुराकडे परत जायला हवं, कारण हानी त्यानेही होते. दया वाईट नाही. पण तिच्या जोरावर शोधलेलं घर तीन कारणांनी डळमळीत असतं.

एक, दया घाईची असते. फोटो पाहून रात्री फोन येतो, सकाळी माणूस गाडी घेऊन हजर होतो. घरात कोण आहे, मजला कितवा, लहान मूल आहे का, हे प्रश्न त्याला अपमान वाटतात. आठवड्यात कुत्रा परत येतो, आणि परत आलेला कुत्रा आधीपेक्षा जास्त मिटलेला असतो.

दोन, दया झाकपाक करते. घर हातचं जाऊ नये म्हणून चावल्याची घटना सांगितली जात नाही, फिट ‘कधीतरी’ येते असं सांगितलं जातं. ही फसवणूक माणसाचीही असते आणि कुत्र्याचीही.

तीन, आणि सर्वांत खोलवरचं, दया कृतज्ञतेची वाट पाहते. आपल्या मनातला कुत्रा निष्ठेचा आहे. रायगडावरच्या वाघ्याची दंतकथा काय किंवा महाप्रस्थानात युधिष्ठिरामागे चालणारा कुत्रा काय, ज्याने अखेरपर्यंत साथ सोडली नाही त्यालाच आपण थोर मानलं. जो पलंगाखालून महिनाभर बाहेर येत नाही, ज्याच्यासाठी आपण एवढं केलं तरी आपली चाहूल लागताच जो अंग आखडतो, त्याचं काय करायचं हे या कथा शिकवत नाहीत. उपकाराच्या भावनेने आणलेला कुत्रा ओळख देईना, की माणूस दुखावतो. म्हणून कुत्र्याने आपल्यावर प्रेम करावं ही अट जो सोडू शकतो, त्याच्याकडेच असा कुत्रा सुखरूप राहतो. ते प्रेम पुढे येतंही, पण त्याची वसुली करता येत नाही.

६. मग घर शोधायचं कसं

लग्नाचं स्थळ सुचवताना आपण ‘कुणीतरी दया करा’ म्हणत नाही. दोन्ही बाजूंची खरी माहिती पुढे ठेवतो आणि जुळतं का पाहतो. इथेही तेच करायला हवं.

(१) ओळख खरी लिहा. ‘बिचारा मोती, शेवटचे दिवस’ याऐवजी असं लिहिता येईल: “वय अंदाजे दहा, नसबंदी आणि लसीकरण झालेलं. घरात राहिलेला, बाहेरच शी-शू करतो. मागच्या पायांत संधिवात, जिना चढत नाही, म्हणून तळमजला किंवा लिफ्ट हवी. रोज सकाळी जेवणातून एक गोळी. अनोळखी हाताला घाबरतो, जागेवर झोपलेला असताना हात घातल्यास दात लावतो. ओळख व्हायला काही आठवडे लागतील. लहान मुलांच्या घरी देणार नाही. एकटा शांत राहतो. गॅलरीतल्या उन्हात झोपायला आवडतं.” यात विनवणी नाही, पण वाचणाऱ्याला आपलं घर त्यात दिसू शकतं.

(२) विचारायचं कुणाला ते ठरवा. जाहिरात सगळ्या जगापुढे टाकण्याआधी परिसरातल्या पशुवैद्यांना भेटा. कुणाचा म्हातारा कुत्रा सहा महिन्यांपूर्वी गेला, हे त्यांना ठाऊक असतं. त्या घराला गोळी पनीरमध्ये कशी लपवायची ते येतं, तिथे लादीवर सतरंजी अजून अंथरलेली असते, म्हाताऱ्या कुत्र्याचं करणं काय असतं हे त्यांना नव्याने सांगावं लागत नाही. त्यानंतर निवृत्त जोडपी, घरून काम करणारी एकटी माणसं, आणि ज्यांच्याकडे आधीच एक समंजस कुत्रा आहे अशी घरं. धीट कुत्र्याच्या मागून घाबरट कुत्रा जे शिकतो ते माणसाकडून शिकत नाही.

(३) ‘शेतावर मोकळा राहील’ हा सल्ला नाकारा. राखणदार म्हणून असा कुत्रा निरुपयोगी असतो, तो पहिल्याच रात्री पळतो. जुन्नर-अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्या बऱ्याच अंशी कुत्र्यांवर जगतो. संधिवात झालेल्या जनावराला तिथे मोकळं सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

(४) कायमचं वचन लगेच मागू नका. आधी फॉस्टर म्हणून दोन-तीन महिने ठेवू द्या. या काळात औषधं, तपासण्या आणि डॉक्टर शेल्टरचे. पुढे दत्तक झाल्यावरही मोठ्या खर्चाचा वाटा शेल्टरने उचलावा. औषध आमचं, घर तुमचं, हे वाक्य ज्या दिवशी आपण मनापासून म्हणू शकू त्या दिवशी कितीतरी दारं उघडतील. देणगीदारांनाही हे पटतं, कारण एका कुत्र्याच्या औषधाचा हिशोब डोळ्यांसमोर राहतो.

(५) वेळ पाहून पाठवा. गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके या काळात घाबरट कुत्रा नव्या घरी नेऊ नये. पावसाळ्याच्या आधीचे किंवा दिवाळीनंतरचे शांत आठवडे निवडावेत. सुरुवातीला पट्ट्याबरोबर हार्नेसही घालावा, दार उघडताना दोन माणसं असावीत. घाबरट कुत्रे हरवतात ते बहुतेकदा नव्या घराच्या दारातूनच.

(६) दुसरा पालक लिहून घ्या. सांभाळणारा आजारी पडला, परगावी गेला, तर कुत्रा कुणाकडे जाईल त्या व्यक्तीचं नाव आणि संमती पहिल्याच दिवशी कागदावर असावी. ज्येष्ठांच्या मनातली सर्वांत मोठी काळजी याने मिटते.

७. आक्षेप आणि उत्तरं

*“पिल्लांनाच घरं मिळत नाहीत, तिथे म्हाताऱ्यांवर शक्ती का घालवायची?”* ही दोन कुत्री एकाच घरासाठी भांडत नाहीत. पिल्लाला तरुण, धावपळीचं घर हवं, याला संथ घर हवं. शिवाय पिंजऱ्याचा हिशोब पाहा. म्हातारा कुत्रा एक जागा वर्षानुवर्षं अडवतो. त्याला घर मिळालं की त्या जागी एकामागून एक कितीतरी जखमी कुत्री उपचार घेऊन जातात.

*“शेल्टर हेच आता त्याचं घर आहे, त्याला उपटून नेणं क्रूरपणा आहे.”* हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. काही कुत्र्यांबाबत तो खरा असतो. ज्याने तिथे एखाद्या सोबत्याशी घट्ट नातं जोडलंय त्याला एकटं हलवू नये, जोडीने द्यावं किंवा राहू द्यावं. ज्याचे थोडेच दिवस उरलेत त्याच्यासाठी शेल्टरमध्येच गजबजाटापासून दूर खोली, एकच सांभाळणारा हात आणि ठरलेला दिवस द्यावा. पण हे ठरवण्याआधी स्वतःला विचारावं: तो तिथे कुणाकडे शेपूट हलवत येतो का? उजेडात जेवतो का? कुशीवर पसरून झोपतो का? तिन्हींचं उत्तर नाही असेल, तर त्याचं घर म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतोय ती केवळ आपली सोय आहे.

*“घाबरट कुत्रा चावतो, ही जोखीम लोकांवर का टाकायची?”* जोखीम खरी आहे, आणि म्हणूनच ती सांगणं बंधनकारक हवं. लहान मुलांची घरं वगळायची, जाळीचं मुसकं हळूहळू सवयीचं करायचं, झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, त्याच्या अंथरुणापाशी कुणी जायचं नाही. ज्या कुत्र्याने गंभीर चावे घेतलेत आणि वेदनेवर उपचार होऊनही जो सुधारत नाही, त्याला घर देऊ नये हेही स्पष्टपणे म्हणायला हवं. प्रत्येक कुत्र्याला घर मिळालंच पाहिजे असा माझा दावा नाही. न तपासता कुणालाही त्या यादीतून वगळू नये, एवढाच आहे.

*“सोसायटी परवानगी देणार नाही.”* कुत्रा पाळण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, हे पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. महापालिकेचा परवाना, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र आणि स्वच्छतेची हमी घेऊन आधीच सेक्रेटरींना भेटलं तर वाद टळतात. न भुंकणारा, दिवसभर झोपणारा म्हातारा कुत्रा शेजाऱ्यांना पिल्लापेक्षा कितीतरी कमी त्रासाचा असतो.

*“माणसं उपाशी असताना कुत्र्यांवर पैसा कशाला?”* आपल्या राज्यघटनेच्या ५१अ(ग) कलमाने प्राणिमात्रांविषयी करुणा हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य सांगितलंय, आणि त्यासाठी माणसांविषयीचं कोणतंही कर्तव्य कमी केलेलं नाही. ही कुत्री रस्त्यावरून किंवा घरातून माणसांनीच उचलून बंद केलेली आहेत. त्यांची तजवीज हा दानधर्म म्हणून बाजूला ठेवायचा विषय नाही, आपल्याच निर्णयाचा तो उरलेला भाग आहे.

*“दोन वर्षांत जाणार, मग जिवाला लावून कशाला घ्यायचा?”* हा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. दुःख होणार, हे कुणी नाकारू नये. शेल्टरने तेव्हा घराबरोबर असलं पाहिजे: वेदना आटोक्याबाहेर गेल्या तर इंजेक्शन देऊन निरोप द्यायचा का, कधी द्यायचा, हा निर्णय एकट्या माणसावर टाकू नये. पण हे दुःख टाळलं म्हणून कुत्र्याचं मरण टळत नाही. ते फक्त कुणी ओळखीचं जवळ नसताना येतं.

*“आणि जमलं नाही तर?”* कायद्याकडून इथे आधार मिळणार नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला उपाशी-तहानेलं राहावं लागेल असं टाकून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. त्यामुळे परत घेण्याचं वचन शेल्टरलाच द्यावं लागतं, आणि ते दोष न देता पाळावं लागतं. परतीचं दार उघडं आहे हे कळलेला माणूस कुत्रा रस्त्यावर सोडत नाही, अडचण आल्यावर वेळेत फोन करतो.

८. निष्कर्ष

शेल्टरचं यश आपण किती जीव वाचवले या आकड्याने मोजतो. त्याच्या जोडीला दुसरा आकडा लिहायला हवा: सर्वांत अवघड कुत्रा किती दिवस आत राहिला. त्याच्यासाठी बसवलेली घडी सगळ्यांच्याच कामी येते. वेदना आधी तपासणारं शेल्टर तरुण कुत्र्याचाही स्वभाव अचूक लिहील. खरी ओळख देणाऱ्या शेल्टरकडे पिल्लंही कमी परत येतील. घराच्या पाठीशी उभं राहणाऱ्या शेल्टरवर माणसं विश्वास ठेवतील. याउलट, फक्त गोंडस आणि धीट कुत्र्यांनाच घरं देणारी व्यवस्था काही वर्षांत नाकारलेल्या कुत्र्यांनी भरून जाते आणि नव्या जखमीला दारातूनच परत पाठवू लागते.

म्हणून सुरुवात यादीच्या शेवटच्या नावापासून करावी. जो सर्वांत जास्त दिवस आत आहे त्याचे दात, कान आणि सांधे तपासून घ्यावेत. त्याचं जुनं कार्ड फाडून नवं लिहावं, त्यात त्याचा आजार, औषधाची वेळ आणि त्याला कशाची भीती वाटते हे खरंखुरं असावं. आणि ते कार्ड घेऊन, ज्यांच्या दवाखान्यात म्हातारी कुत्री येतात अशा जवळच्या डॉक्टरांकडे जावं. त्यांना एवढंच विचारावं, की इतक्यात कुणाचं घर रिकामं झालंय.